नातवंडासाठी जुन्या कापडातून हाताने बनवलेली भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या नातवंडासाठी घरातल्या जुन्या वस्तूंतून काही बनवू पाहणाऱ्या आजी-आजोबांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. लाकूड आणि पुठ्ठा यांविषयी थोडे लिहिले आहे, परंतु भर कापडावर आहे. कापड प्रत्येक घरात असते, त्याला सुई-दोरा आणि कात्री यांखेरीज फारसे काही लागत नाही आणि बिघडले तर ते धुता येते, उसवता येते, पुन्हा शिवता येते.

आधी कापड निवडावे की आधी वस्तू ठरवावी?

दोन्हींच्या आधी मुलाचे वय पाहावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि फिक्या रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक त्याचे लक्ष लवकर वेधून घेतो. त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा एखादा तुकडा घेऊन शिवलेली साधी घडीही त्याला पुरते. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास हात वस्तूकडे जाऊ लागतो आणि हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते, म्हणून या वयातली वस्तू चोखण्याजोगीच असली पाहिजे. आठ-नऊ महिन्यांचे मूल झाकलेली वस्तू झाकणाखाली शोधू लागते, तेव्हा उचलून पाहण्याच्या कापडी झडपा त्याला फार आवडतात. वर्षाच्या आसपास भरणे आणि रिकामे करणे हाच मोठा उद्योग असतो. दीड-दोन वर्षांच्या सुमारास लुटुपुटीचा खेळ सुरू होतो आणि बाहुली, तिचे पांघरूण, तिची पिशवी यांना अर्थ येतो. तीन वर्षांनंतर मोठी बटणे लावणे-काढणे जमू लागते.

मूल मोठे झाल्यावर वापरेल अशा हिशेबाने पुष्कळ जण भेट बनवतात आणि ती कपाटात पडून राहते. माझ्या मते भेट आजच्या वयासाठी बनवावी. पुढच्या वयासाठी पुढे पुन्हा बनवता येते, आणि जुने कापड तर उरलेले असतेच.

कोणते जुने कापड चालते?

अनेक धुण्यांनी मऊ झालेले, रंग स्थिर झालेले सुती कापड सर्वांत चांगले. शर्ट, चादरी, उशांचे अभ्रे, सुती साडी, टॉवेल, बाळाचेच लहान झालेले झबले, यांतले काहीही घेता येते. जीन्सचे कापड टिकाऊ असले तरी जाड शिवणींमुळे हाताला जड जाते. ते पिशवी किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी राखून ठेवावे.

मात्र जुन्या कापडाचा मऊपणा पाहून त्याच्या बळाविषयी अंदाज बांधू नये. कापड खिडकीच्या उजेडापुढे धरावे. शर्टाची पाठ आणि पोटाकडचा भाग सहसा एकसारखा दाट दिसतो. कॉलरची घडी, कोपर, काख आणि कफाची कड येथे मात्र उजेड ठिपक्याठिपक्यांनी आरपार येतो, कारण तेथले धागे झिजून बारीक झालेले असतात. नंतर दोन सेंटीमीटर अंतर ठेवून कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरावे आणि उभे, आडवे असे दोन्हीकडे जोर लावून ओढावे. धागे सरकून फट पडली किंवा बारीक तुटल्याचा आवाज आला, तर तो भाग वरच्या बाजूला वापरू नये. असे विरलेले तुकडे फेकण्याचे मात्र कारण नाही. दोन भक्कम थरांच्या मध्ये अस्तर म्हणून ते उत्तम काम देतात.

टिकल्या, खडे, जर किंवा चमकी लावलेले कापड, केस गळणारे फरसारखे कापड आणि रेनकोटसारखे लेप दिलेले कापड लहान मुलासाठी घेऊ नये. गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर चोखणाऱ्या मुलाच्या तोंडातही तो जाणार.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कपडे वापरावेत का?

नवजात आणि अगदी लहान बाळासाठी वापरू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते. त्याची वाफ कपड्यात मुरते, आणि शरीरात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी तिच्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता अनेकदा आधी कोणाला माहीतही नसते. मोठ्या मुलासाठी असे कापड वापरायचे असल्यास ते अनेकदा धुऊन, मोकळ्या हवेत आणि उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यानंतरच हाती घ्यावे. वास जातच नसेल, तर ते कापड घरातल्या पुसण्यासाठी ठेवावे.

कापड सुती आहे की कृत्रिम धाग्याचे, हे लेबल नसताना कसे ओळखावे?

कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून, जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटांनी चुरगळते. लोकरीला जळत्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून आकसते आणि त्याचा कडक मणी बनतो. मिश्र कापडात ही लक्षणे एकत्र दिसतात. मिश्र कापड खेळण्याला चालते, मात्र ते फार गरम इस्त्रीखाली धरू नये.

कापण्याआधी धुणे खरोखर गरजेचे आहे का?

होय. निवडलेले सगळे कापड, नवी फीत किंवा नवे अस्तर घेतले असल्यास तेही, एकत्र धुऊन वाळवून इस्त्री करावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही. दोन्ही तसेच जोडले तर पुढे शिवणीजवळ चुण्या पडतात. सुती कापड ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास धुळीतले सूक्ष्म किडेही मरतात. साबण सौम्य असावा आणि सुगंधी द्रव घालू नये.

पहिल्याच प्रयत्नासाठी कोणती वस्तू सुचवाल?

कापडी पुस्तक. त्यात गोलाई नसते, भरण नसते, सरळ शिवणी असतात आणि एका पुस्तकात घरातल्या अनेकांचे कपडे सामावतात. आठ-नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत, पानांवर काय ठेवायचे ते बदलून, तोच आराखडा उपयोगी पडतो.

तयार पान १५ बाय १५ सेंटीमीटरचे धरू. ३२ बाय १७ सेंटीमीटरचे सहा आयत कापावेत. यात चारही बाजूंनी एक सेंटीमीटर कापड शिवणीसाठी सोडलेले आहे. कापताना आयताची लांब बाजू कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर ठेवावी. उरेब, म्हणजे तिरपे, कापलेले कापड ताणले जाते आणि पान वाकडे होते. प्रत्येक आयताच्या मध्यावर उभी रेघ आखावी, म्हणजे डावे आणि उजवे अशी दोन पाने मिळतात.

चित्रे आणि कप्पे या टप्प्यावरच शिवावेत, दोन थर जोडल्यानंतर नव्हे. असे केल्याने चित्रांच्या मागच्या गाठी आणि दोऱ्याची टोके दोन थरांच्या आत कायमची बंद होतात. नवशिके नेमके येथे घाई करतात आणि मग पानाच्या पाठीवर दोऱ्यांचे जाळे दिसू लागते.

आता दोन-दोन आयत सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने शिवावेत, एका बाजूला आठ सेंटीमीटर तोंड उघडे ठेवावे, कोपऱ्यांवरचे जास्तीचे कापड छाटावे आणि सुलटे करावे. आत अस्तर म्हणून जुन्या टॉवेलचे किंवा फ्लॅनेलचे साडेचौदा बाय पंधरा सेंटीमीटरचे दोन तुकडे सरकवावेत, मध्यरेषेवर एक सेंटीमीटर जागा मोकळी राहील अशा बेताने. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे: तेथे अस्तर नसल्यामुळे पुस्तक सहज मिटते आणि शेवटची शिवण घालताना सुई अडत नाही. उघडे तोंड बंद करून चारही कडांनी अर्धा सेंटीमीटर आत एक टीप घालावी. असे तीन जोड तयार झाले, की ते एकावर एक ठेवून मध्यरेषेवर दुहेरी दोऱ्याने उलट्या टिपेची, म्हणजे प्रत्येक टाका मागे वळून घेतलेली, शिवण दोनदा घालावी. मिटल्यावर मुखपृष्ठासह बारा पाने होतात.

त्या पानांवर काय ठेवावे?

जे कपड्यात आधीपासून आहे, तेच. आजोबांच्या शर्टाचा खिसा कडेने एक सेंटीमीटर जास्त कापड ठेवून कापून घेतला आणि पानावर शिवला, तर तो पुन्हा खिसाच होतो. त्याची जुनी दुहेरी टीप आणि वरच्या कोपऱ्यांवरचे बारीक त्रिकोण तसेच राहतात, आणि मुलाला त्यात हात घालून एक छोटा कापडी रुमाल बाहेर काढता येतो. रुमाल पानाला फितीने बांधलेला असावा आणि फीत १५ सेंटीमीटरपेक्षा लांब नसावी. शर्टाची बटणपट्टी दोन्ही बाजूंसह कापून लावली, तर तीन वर्षांच्या मुलासाठी बटण-काजाचे पान तयार मिळते. कफ दुमडून झडप होते आणि तिच्याखाली वेगळ्या रंगाचे वर्तुळ शिवता येते. टॉवेल, लोकर, सुती आणि जीन्स असे चार पोत एकाच पानावर शेजारी-शेजारी लावले, तर हात फिरवून पाहणाऱ्या बाळाला चित्राचीही गरज नसते.

कुरकुर आवाजासाठी पानाच्या आत प्लास्टिकचा कागद घालण्याची पद्धत मला मान्य नाही. शिवण उसवली, तर तो पातळ कागद नाका-तोंडावर चिकटू शकतो. त्याशिवायही पुस्तक चांगले होते.

बाहुलीच्या डोळ्यांसाठी बटणे किंवा मणी लावता येतील का?

तीन वर्षांखालील मुलासाठी नाही, कितीही घट्ट शिवले तरी. या वयाच्या मुलांच्या खेळण्यांचे भाग तपासण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. सुटा भाग त्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकण्याजोगा मानला जातो. घरी टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची रिकामी नळी घेऊन पाहावे. ती थोडी रुंद असते, त्यामुळे तिचा निर्णय अधिक सुरक्षित बाजूला झुकतो. नेहमीच्या शर्टाचे बटण तिच्यातून सहज आरपार जाते.

डोळे, नाक, तोंड भरतकामाने काढावेत. डोळ्यांना भरीव टाका, तोंडाला साखळी टाका किंवा उलटी टीप पुरते. ज्यांना भरतकाम येत नाही त्यांनी मिटलेल्या डोळ्यांच्या दोन कमानी काढाव्यात. त्या सर्वांना जमतात आणि बाहुली झोपलेली दिसते.

बोलणारी, दिवे लागणारी जुनी खेळणी उसवून त्यातले यंत्र नव्या बाहुलीत बसवण्याचा मोह होतो. नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले गेले, तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडतात. या दोन वस्तूंना हाताने बनवलेल्या भेटीत अजिबात स्थान देऊ नये.

आत काय भरावे?

जुन्या उशीतला स्वच्छ कृत्रिम तंतू धुऊन, पूर्ण वाळवून, हाताने पिंजून भरावा. तो लवकर वाळतो आणि त्याला कुबट वास येत नाही. जुन्या कापसाच्या धुतल्यावर गाठी होतात, म्हणून तो चपट्या वस्तूंत वापरावा आणि ठिकठिकाणी आरपार टाके घालून जागच्या जागी बांधून ठेवावा. बारीक कातरलेल्या चिंध्याही चालतात. बाहुली थोडी जड होते, आणि चालायला शिकलेल्या मुलाला ते वजन उचलून नेणे आवडते. धान्य आणि कडधान्य भरू नये, कारण ते धुता येत नाही आणि त्याला कीड लागते. थर्माकोलचे मणी तर नकोतच.

फाटलेला लोकरीचा स्वेटर विणकाम उसवल्याशिवाय वापरता येतो का?

येतो. शुद्ध लोकर गरम पाण्यात साबण घालून जोराने घुसळली, की तिच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात, वीण आटते आणि जाड, घट्ट नमदा तयार होतो. आटलेल्या स्वेटरचे कापलेले टोक उसवत नाही, त्यामुळे कड न दुमडताही चेंडू, ससा किंवा पायमोजे शिवता येतात. वीण दिसेनाशी होईपर्यंत हे धुणे दोन-तीनदा करावे लागते. ज्या लोकरीच्या लेबलवर यंत्रात धुण्याजोगी असे लिहिलेले असते ती सहसा अशी आटत नाही, आणि ॲक्रिलिक तर मुळीच आटत नाही. अशा स्वेटरची शिवण उसवून धागा गुंडाळून घेणे आणि पुन्हा विणणे हाच मार्ग उरतो.

शिलाई यंत्र नाही. हातशिलाई मुलाच्या ओढाताणीत टिकेल का?

उलटी टीप घातली तर टिकेल. धावदोरा टिकणार नाही. टाके दोन ते तीन मिलिमीटरचे असावेत, दोरा दुहेरी असावा आणि सुरुवातीला व शेवटी त्याच जागी तीन टाके घ्यावेत. हात, पाय, कान जेथे जोडले जातात तेथे शिवण दोनदा घालावी. खेळण्यांच्या तपासणीत मऊ खेळण्याची शिवण सुमारे ७ किलो आणि त्यावर जोडलेले मोठे भाग सुमारे ९ किलो वजनाइतक्या ओढीला टिकावे लागतात, म्हणून आपणही जीव न जपता ओढून पाहावे. भेट देण्याआधी आपल्या हातात उसवणे चांगले. दोरा मात्र जुना नको. वर्षानुवर्षे डब्यात पडलेला सुती दोरा हलक्या झटक्यानेही तुटतो; येथे नवे पॉलिस्टरचे रीळ घ्यावे.

नजर अधू झाली आहे आणि बोटेही आखडतात. हे काम जमेल का?

काम बदलून घ्यावे, सोडू नये. गडद कापडावर गडद दोऱ्याने शिवण्यापेक्षा विरुद्ध रंगाचा दोरा घ्यावा. टाके दिसतात आणि शोभतातही. दिवसाच्या उजेडात, एका वेळी पाव तास शिवावे. आदल्या दिवशी कोणाकडून दहा-बारा सुयांत दोरा ओवून घ्यावा. कात्री चालवणे अवघड जात असेल, तर सुती चादर कडेला छोटी चीर देऊन हाताने फाडता येते आणि ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे वापरावेत. त्यामुळे टाचणी खेळण्यात राहून जाण्याची भीतीही उरत नाही. सुया मात्र आधी आणि नंतर मोजाव्यात.

बाळाला ही भेट झोपताना जवळ देता येईल का?

पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे, की बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणी, उशी, सैल पांघरूण यांतले काहीही असू नये, कारण ते श्वास कोंडण्याचे कारण ठरते. आजीने शिवलेल्या गोधडीलाही हाच नियम लागू होतो. ती जागेपणी, मोठ्या माणसाच्या नजरेखाली, जमिनीवर अंथरून त्यावर बाळाला पालथे खेळवण्यासाठी वापरावी. त्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. पाळण्यावर काही टांगू नये, आणि दीड वर्षाखालील मुलाच्या खेळण्याला २२ सेंटीमीटरपेक्षा लांब दोरी नसावी, कारण ती गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते.

घरात मोठे भावंड असेल तर?

मग सर्वांत लहान मुलाच्या वयाचा नियम पाळावा. पाच वर्षांच्या नातीसाठी बनवलेली बटणांची बाहुली आठ महिन्यांच्या नातवाच्या तोंडात जाणारच आहे.

पुठ्ठा आणि लाकूड यांचे काय करता येईल?

पुठ्ठ्याची मजबूत खोकी कापडाने मढवली, की भरण्या-ओतण्याचा खेळ होतो. पिना आधी काढून टाकाव्यात. जुन्या लाकडाबाबत मी अधिक सावध राहीन. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि तो घासला, की त्याची धूळ श्वासातून व हातांवाटे शरीरात जाते. शिशाची कोणतीही मात्रा मुलासाठी सुरक्षित मानली जात नाही. म्हणून रंगवलेले जुने लाकूड घासून वापरण्याऐवजी बाजूला ठेवावे. मालाच्या खोक्यांच्या फळ्यांवर छाप असतो. त्यात एच-टी ही अक्षरे असली तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते, एम-बी असली तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ते घेऊ नये. मात्र एच-टी छाप असलेल्या फळीवरही नंतर काय सांडले असेल हे कळत नाही, म्हणून तोंडात जाणारी वस्तू तिच्यापासून करू नये.

दिवंगत माणसाचा कपडा कापावा का?

हा प्रश्न हळुवार आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. कापण्याआधी त्या माणसाशी जवळीक असलेल्या घरातल्या प्रत्येकाला विचारावे. पुढे कोणी, तो शर्ट मला हवा होता, असे म्हणाले, तर कापड परत जोडता येत नाही. कपड्याचा अखंड असतानाचा फोटो काढून ठेवावा. सगळा कपडा न कापता एक बाही किंवा पाठीचा तुकडाच घेणे हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो. आणि एकदा कापड खेळण्यात गेले, की ते मुलाचे झाले. त्यावर डाग पडेल, ते चिखलात जाईल, कदाचित हरवेलही. हे सहन होणार नसेल, तर तो कपडा घडी घालून ठेवावा आणि खेळणे दुसऱ्या कापडाचे करावे. मुलाला जपून हाताळायला सांगावी लागेल अशी वस्तू त्याला देऊ नये.

मुलाच्या आई-वडिलांना आधी सांगावे का?

सांगावे. त्यांना मुलाची ॲलर्जी माहीत असते आणि घरात आधी काय-काय आहे तेही. त्यांनी नकार दिला, तर तो आपल्या मायेला नव्हे, त्या वस्तूला असतो असे समजून दुसरी वस्तू निवडावी.

मुलाने भेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही तर?

थोडे दिवस जाऊ द्यावेत आणि त्या वस्तूने आपणच त्याच्याशेजारी बसून खेळावे. मोठे माणूस ज्यात रमते तिकडे मूल येते. तरीही त्याला ती नको असेल, तर वय चुकले का ते पाहावे. वर्षाच्या मुलाला बाहुलीत रस नसतो, तोच सहा महिन्यांनी येऊ शकतो.

नंतर धुण्याची आणि दुरुस्तीची काय व्यवस्था करावी?

सुती आणि कृत्रिम भरणाची वस्तू जाळीच्या पिशवीत घालून यंत्रात धुता येते, लोकरीची थंड पाण्यात हाताने धुवावी. भरण आतपर्यंत वाळले आहे, हे दाबून पाहूनच ती परत द्यावी. भेटीसोबत त्याच कापडाचे दोन-तीन तुकडे आणि थोडा दोरा आई-वडिलांकडे देऊन ठेवावा, आणि महिन्यातून एकदा शिवणी ओढून पाहायला सांगावे. भरण बाहेर डोकावू लागले, तर वस्तू त्याच क्षणी मुलाकडून काढून घ्यावी, कारण तोंडात जाणारा तो पहिला सुटा भाग असतो. ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा सर्व बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठे कापावे, म्हणजे त्याचे टाके भक्कम राहिलेल्या कापडात बसतात.